फौजदारासमोरचा जबाब
(रोजनिशीतील पाने)

२१ जुलै, रविवार

५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला आमच्या वाचनालयात 'एकच प्याला'चे निवडक प्रवेश वाचायचे ठरले आहेत. आज वरच्या खोलीत पहिली बैठक झाली. पावसात सुद्धा सहाजण आलो. पाठांतर, वेश, पडदा यांतलं काहीच नसणार, खुर्च्यांवर बसून पुस्तकातून वाचायचं. म्हणजे सगळा भार आवाजावर. आणि हे वाक्य हा माणूस आत्ता का बोलतोय, ते कळल्याशिवाय आवाज लागत नाही. म्हणून सगळ्यांना सांगितलं, आपापल्या पात्राबद्दल मत बनवून येऊ नका, शंका घेऊन या.

नाटकाचा नायक, वकील सुधाकर, कॉलेजातल्या मुलाकडे गेला. त्याचा कारकून तळीराम आमच्यातल्या वकीलसाहेबांनी स्वतःहून मागून घेतला. तळीरामाची बायको गीता ग्रंथपालबाईंकडे, सुधाकराचा मित्र रामलाल बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे. सुधाकराच्या बायकोसाठी, सिंधूसाठी, मी सिस्टरना गळ घातली. त्यांची ३४ वर्षं दवाखान्यात गेली. म्हणाल्या, "बाई, माझा आवाज ड्युटीवरचा आहे. त्यात रडणं बसत नाही हो." मला तोच आवाज हवा होता.

रात्री पुस्तक चाळताना तारखांपाशी थांबले. नाटकाचे लेखक गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, वयाच्या ३३व्या वर्षी. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला केला, २० फेब्रुवारीला. मध्ये जेमतेम चार आठवडे. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. पडदा वर गेला तेव्हा शंका विचारायला लेखक उरला नव्हता. सिंधू असं का वागते, हे त्या दिवसापासून ज्याने त्याने नाटकातूनच शोधायचं आहे.

२४ जुलै, बुधवार

जुन्या वह्या काढल्या. शाळेत शिकवत असताना प्रश्नपत्रिकांचे नमुने मी त्यांत उतरून ठेवत असे. 'सिंधूचं स्वभावचित्र लिहा, गुण ४.' उत्तराचे मुद्देही खाली : सोशिक, त्यागी, पतिनिष्ठ, स्वाभिमानी. चार मुद्दे, चार गुण. मुलं ते घोकायची आणि मी बरोबरच्या खुणा करायचे. तीस वर्षं हे केलं, आणि आज ते पान वाचताना मला फार वाईट वाटलं.

'सोशिक' हा शब्द लिहिला की सिंधूकडे बघायचं राहूनच जातं. ती सोसते हे तर नाटकाला आलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं. पण कुठल्या क्षणी तिच्यासमोर दुसरी वाट होती, ती तिला दिसली होती का, आणि दिसूनही तिने ती सोडली का? स्वभावाची विशेषणं माणसाला कायमची डकवलेली असतात. निवड मात्र एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट खोलीत होते. मुलांना मी त्या खोलीत कधी नेलंच नाही.

२८ जुलै, रविवार

नदीचं पाणी इशाऱ्याच्या ४० फुटांच्या आसपास आहे. सांगलीच्या आयर्विन पुलावर बघ्यांची गर्दी. २०१९ चा पूर ज्यांनी घरात घेतला, ते आकडा ऐकला की बोलता बोलता गप्प होतात. तरी बैठकीला सगळे आले.

आज सुधाकर आणि तळीराम घेतले. मुलगा तयारी करून आला होता. त्याचं म्हणणं, सुधाकर मुळात चांगला, दारूने बिघडला, दारू काढून घेतली की माणूस स्वच्छ. वकीलसाहेबांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "दारूच्या आधी काय झालं ते वाच की. मुन्सफाशी खटका उडाला, सनद गेली काही महिन्यांसाठी. सनद जाणं म्हणजे काय, हे तुला नाही कळायचं. बाररूममध्ये तुझ्या खुर्चीकडे कुणी बघत नाही. पक्षकार दाराशी येतो आणि तुझ्याच दारात उभा राहून दुसऱ्या वकिलाचा पत्ता विचारतो."

ते असं बोलले की खोलीत जरा वेळ कुणी पान उलटलं नाही.

मला वाटतं, सुधाकराची गाठ इथेच आहे. गरिबीतून स्वतःच्या हुशारीवर वर आलेला माणूस. वर येताना त्याच्यापाशी मान सोडून दुसरं भांडवल नव्हतं. तो मान चारचौघांत गेला, आणि तळीराम जे पुढे करतो ते विस्मरण असतं. नंतर सुधाकर खरोखर दारू सोडतो, कामासाठी दारोदार जातो आणि प्रतिष्ठित लोकांची तोंडं बघून परत येतो. तिथेही त्याला पाडतो तो अपमान. आणि माहेरचा पैसा घ्यायचा नाही, अशी शपथ तो सिंधूकडून घेतो. ही शपथ दारू मागत नाही, मानीपणा मागतो. बायको दुसऱ्यांचं दळण दळेल, मूल अर्धपोटी राहील, पण सासुरवाडीच्या श्रीमंतीपुढे आपली मान खाली जाता कामा नये. नाटकाच्या नावामुळे आपण प्याल्याकडेच बघत राहतो. तो ज्या अहंकाराने हातात धरला आहे, त्याचा हिशेब मांडायचा राहून जातो.

मुलाने विचारलं, "मग बाई, त्याला दोष द्यायचा की नाही?"

द्यायचाच. कारण समजलं म्हणून दोष उणा होत नाही, हे मी त्याला आज नीट सांगू शकले नाही. पुढच्या वेळी सांगायला हवं. सनद गेलेल्या प्रत्येकाने बायकोवर हात उचलला नाही.

तळीरामावर मात्र वकीलसाहेब अडले आहेत. "याला काय मिळतं?" हा त्यांचा प्रश्न. पैसा म्हणावा तर तो मालकाचं घर बुडवून आपलीच रोजी घालवतो. वैर म्हणावं तर सुधाकराने त्याचं काही बिघडवलेलं नाही. सिस्टर पटकन म्हणाल्या, "त्याला सोबत मिळते. एकट्याने प्यायला माणूस भितो." वकीलसाहेबांनी ते समासात लिहून घेतलं.

३१ जुलै, बुधवार

दोन दिवस देवलांचं 'झुंझारराव' वाचत होते. देवल इथलेच, हरिपूरचे. संगमावर गेलं की मला त्यांची आठवण येतेच. 'ऑथेल्लो'चं हे मराठी रूप १८९० चं. आयागोचा इथे जाधवराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा. इंग्रजी टीकाकार कोलरिजने आयागोबद्दल म्हटलं आहे की त्याच्या दुष्टाव्याला मुळात कारण नाही, तो स्वगतांमध्ये कारणं हुडकत हिंडतो. तळीराम तसा नाही. आयागो ऑथेल्लोचा द्वेष करतो. तळीराम सुधाकरापुढे प्याला धरतो तेव्हा त्याला मालकाची खरंच कणव आलेली असते. मला हे जास्त भयंकर वाटतं. द्वेषाने केलेलं वाईट ओळखता येतं, त्यापासून सावध राहता येतं. ज्याच्या हातात आपली कणव आहे, त्याच्यापासून कसं सावध राहायचं? वकीलसाहेबांना फोन करून सांगितलं की तळीराम हळू आवाजात वाचा, आजाऱ्याला औषध देताना बोलतात तसा.

पण 'ऑथेल्लो'कडे मी गेले ते वेगळ्याच कारणासाठी. शेवटी डेस्डिमोनाला विचारतात, हे कुणी केलं? नवऱ्याने श्वास कोंडलेली ती बाई मरता मरता सांगते, कुणी नाही, माझं मीच. आणि सिंधू? सुधाकराच्या हातून मूल गेलेलं, स्वतःला जबर लागलेलं, मरण समोर, आणि फौजदार विचारतो तेव्हा ती नवऱ्याला वाचवणारा खोटा जबाब देते. गडकरी शेक्सपिअरचे भक्त, त्यामुळे हे साम्य योगायोगाने आलं असेल असं मला वाटत नाही. मात्र डेस्डिमोनाचं एक वाक्य आणि सिंधूचा जबाब यांत एक फरक आहे. डेस्डिमोना आपल्या माणसांशी बोलते. सिंधू सरकारशी बोलते. तिचं बोलणं कागदावर उतरणार आहे.

१ ऑगस्ट, गुरुवार

रामलालबद्दल दोन ओळी. बँकेतल्या काकांना ही भूमिका कोरडी वाटते, उपदेशाची वाटते. मी त्यांना शरदेचे प्रवेश वाचायला दिले. शरद बालविधवा, रामलालच्या आधाराने शिकणारी. तिला मुलीसारखी मानणाऱ्या या सज्जनाला एके दिवशी स्वतःच्या मनात अभिलाषा सापडते, आणि तिच्या जवळ आलेल्या भगीरथाबद्दलचा आपला राग कशातून आलाय तेही दिसतं. तो ते स्वतःशी उघड कबूल करतो. स्वतःचा हेतू उलटून बघणारा या नाटकातला हा एकच पुरुष. सुधाकर स्वतःबद्दल पानंच्या पानं बोलतो, पण त्यात दारूचं वर्णन येतं, स्वतःच्या मानीपणाचं नाव येत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

आजची बैठक विसरता येणार नाही.

शेवटचा अंक काढला. ग्रंथपालबाईंनीच सुरुवात केली. त्या गीता वाचतात, आणि गीता म्हणजे तोंडाची फटकळ, तळीरामाला ठणकावणारी. "माझी गीता तिला ओरडून सांगेल, अगं बोल खरं! हा जबाब मला सहन होत नाही. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली. पतिव्रतेचे सगळे नियम बायकांनाच का, असं त्या विचारून गेल्या. एका पुरुषाने लिहिलेलं हे त्यानंतर ३७ वर्षांनी दुसरा पुरुष साडी नेसून करतो, आणि थिएटर रडतं."

मला उत्तर सुचेना, कारण त्यांचं म्हणणं खरंच होतं. तो जबाब सुंदर करून दाखवण्यात पुरुषांची सोय आहे. सिंधूच्या मरणाने सुधाकराला पश्चात्तापाची मोठी जागा मिळते, आणि रडणारा प्रेक्षक पुष्कळदा त्याच्यासाठीही रडत असतो.

मग वकीलसाहेब बोलले. १८७२ च्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याचं कलम ३२. मरणाऱ्या माणसाने आपल्या मरणाच्या कारणाबद्दल जे सांगितलं, ते तो हयात नसतानाही कोर्ट ऐकतं. त्याला मृत्युपूर्व जबानी म्हणतात. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं बोलणार नाही, ही त्यामागची धारणा. "सिंधू वकिलाची बायको आहे," ते म्हणाले. "तिच्या तोंडच्या शब्दाला किती वजन आहे, याची तिला कल्पना असणार. आपल्या आयुष्यात सगळ्यात जास्त विश्वास ज्या शब्दावर ठेवला जाणार, तोच तिने खोटा बोलायचं ठरवलं."

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "ठरवलं म्हणू नका."

आणि मग त्या बराच वेळ बोलल्या, अगदी सपाट आवाजात. जळीत वॉर्डातली त्यांची ड्युटी. रात्री बाई यायची, तिच्याबरोबर चारजण. काय झालं? स्टोव्हचा भडका उडाला. केसपेपरवर तेच लिहायचं. मग पोलीस, मग जबानी घ्यायला नायब तहसीलदार. डॉक्टरांनी पेशंट शुद्धीवर आहे असा शेरा द्यायचा, नातेवाइकांना बाहेर काढायचं, दार लावायचं. सगळं नियमाप्रमाणे. "पण बाई, साहेब येईस्तोवर सात-आठ तास उशाशी कोण बसलेलं असतंय? तोच. पाणी कोण पाजतंय? तोच. पोरं कुणाच्या ताब्यात? त्याच्याच. मग दार लावून काय होतंय? तो बाहेर गेला तरी खोलीतच असतो."

एकदा एक बाई त्यांचा हात धरून कानात खरं बोलली आणि साहेब आल्यावर स्टोव्ह म्हणाली. सिस्टरनी तिला नंतर विचारलं, असं का गं? ती म्हणाली, धाकटीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. पहाटे गेली.

सिस्टरनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ह्या सिंधूचं मूल तर गेलेलं आहे. मग हिला कशाची भीती? ते मला कळलेलं नाही. ते कळलं की मी वाचीन."

तो प्रश्न नाटकाच्या बरोबर मर्मावर पडला आहे. वॉर्डातल्या बाईचं खोटं मुलीसाठी होतं. सिंधूजवळ वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. मुलासाठी नाही, पोटासाठी नाही, मार पुन्हा बसेल म्हणून नाही. मग कशासाठी?

७ ऑगस्ट, बुधवार

झोप लागली नाही. सिस्टरच्या बोलण्याने माझीच एक गोष्ट वर आली आहे.

मी नऊ वर्षांची असताना मे महिन्यात मोठ्या मावशीकडे मिरजेला होते. काका पीत. एके दिवशी मावशीचं कपाळ फुटलं, चार टाके पडले. आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, हौदाच्या काठावर पाय घसरला, शेवाळ होतं. त्या आठवड्यात गल्लीला पाणी नव्हतं. हौद कोरडा ठणठणीत होता. आदल्याच दिवशी मी स्वतः आत उतरून तो खराट्याने झाडला होता, तळाच्या पोपडे धरलेल्या गाळासकट. शेवाळाचा मागमूस नव्हता. मी मावशीच्या तोंडाकडे बघत उभी राहिले आणि काहीच बोलले नाही. पुढे शाळेत 'सोशिक' या शब्दापुढे बरोबरची खूण करणारा हात याच मुलीचा.

मावशी आता ८६ वर्षांची आहे. काका जाऊन वीस वर्षं झाली.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळच्या एसटीने मिरजेला गेले. मावशी ओसरीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मीही शेजारी बसून सोलायला लागले. अर्धं सूप झाल्यावर विचारलं, "मावशी, तुझ्या कपाळाला टाके पडले होते तेव्हा तू हौद म्हणाली होतीस."

तिने हात थांबवला नाही. "कोरडा होता, नव्हं? तू झाडलावतास." म्हणजे तिला सगळं माहीत होतं, मला माहीत होतं हेसुद्धा.

"मग का म्हणालीस? काकांना वाचवायला?"

"वाचवायला!" तिने एक नासकी शेंग बाजूला टाकली. "मला विचारलं कुठं, ते ऐक. दवाखान्यात टेबलावर निजवलेली. डॉक्टर म्हणाले, काय झालं बाई? आणि तुझे काका शेजारी उभे, माझ्या चपला हातात धरून. येताना पायातनं निसटल्या होत्या, त्या उचलून आणलेल्या. दोन्ही हातांत दोन. तोंड असं झालेलं. त्यांच्याकडं बघितलं आणि हौद तोंडात आला. आधी काय ठरवलं नव्हतं. एकदा तोंडातनं गेला, मग जन्मभर हौदच."

मी विचारलं, "आणि एकटीला विचारलं असतं तर?"

बऱ्याच वेळाने म्हणाली, "तरीबी हौदच म्हणाले असते का काय, कुणास ठाऊक. पण मग ते माझं मी बोलले असते."

निघताना तिने शेंगदाण्याची पुरचुंडी दिली. एसटीत मी ती मांडीवर धरून बसले होते. राग, दया, प्रेम, भीती असे शब्द मी मनातल्या मनात त्या चपलांना लावून बघत होते. एकही पुरा पडत नव्हता.

१३ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचा प्रवेश पुन्हा वाचला, या वेळी फक्त एकाच गोष्टीसाठी : कोण कुठे उभं आहे. इतके दिवस मी सिंधूच्या मनात शिरायची धडपड करत होते, आणि त्या खोलीकडे बघितलंच नव्हतं. भाऊ पद्माकर आहे, त्याला शिक्षा हवी आहे. रामलाल आहे, त्याला न्याय हवा आहे. फौजदाराला कागद हवा आहे. आणि सुधाकर आहे. सिंधूला काय हवं आहे, हे त्या सगळ्या गर्दीत कुणी विचारत नाही. तिने जबाब खरा दिला, तर तो पद्माकराच्या रागाच्या कामी येणार. खोटा दिला, तर सुधाकराच्या.

ग्रंथपालबाईंचा राग मला अजूनही योग्य वाटतो, आणि लेखकाने तिला देवी केलं ही चूकही तशीच उरते. पण त्याच लेखकाने हा प्रश्न नवऱ्यादेखत विचारायला लावला आहे. तिचं म्हणणं एकांतात ऐकून घेणारा एकही प्रवेश शेवटाला नाही. हे त्याने जाणून केलं की नकळत, ते मला महत्त्वाचं वाटत नाही. पानावर ते आहे.

सिस्टरना फोन केला. मावशीचं नाव न घेता चपलांची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "रविवारी खुर्च्या कशा मांडणार?"

१८ ऑगस्ट, रविवार

आजवर आम्ही अर्धगोलात बसत होतो, सगळ्यांची तोंडं समोर. आज मांडणी बदलली. सिंधूची खुर्ची मधोमध, आणि सुधाकराची तिच्यापासून हाताच्या अंतरावर, तिच्याकडे तोंड करून. फौजदार मी वाचला, जरा मागे उभं राहून.

मुलाला आधी मी राहिलेली गोष्ट सांगितली, की सुधाकराचं दुःख आपण समजून घेतलं तरी त्याचा हात त्याचाच राहतो. तो म्हणाला, "कळलंय बाई. म्हणूनच मला तिच्यासमोर बसायला नको वाटतंय." तरी बसला.

मी प्रश्न वाचला. सिस्टरनी लगेच उत्तर दिलं नाही. मान वळवली नाही, फक्त डोळे त्या खुर्चीकडे नेले, मुलाच्या हातांपर्यंत, आणि परत पुस्तकावर आणले. मग तो जबाब वाचला. वरच्या पट्टीत नाही, कापऱ्या आवाजात नाही. केसपेपर भरताना नाव, वय, पत्ता सांगतात तशा आवाजात.

पुढचं वाक्य सुधाकराचं होतं. मुलाने दोनदा तोंड उघडलं, पण त्याला ते वाचता येईना. ग्रंथपालबाईंनी खाली जाऊन चहा सांगितला, आणि आम्ही दहा मिनिटं थांबलो.